टेबलाच्या पायातला भुंगेरा

तीर्थस्वरूप मामांस,

भाचीचा नमस्कार. तुमचा गुडघा आणि मामींचा राग, दोन्ही उतरले असतील अशी आशा आहे. मी बरी आहे. संग्रहालयातल्या कीटकांच्या खोलीत माझं बस्तान बसलं आहे (आई सगळ्यांना ‘मोठी साहेबीण झाली’ म्हणून सांगते; मी टाचण्या लावते).

नोकरी लागली तेव्हा तुम्ही स्वतः करून दिलेलं टेबल मी तिथेच ठेवलं आहे. परवा त्याच्या पायाला नवं भोक दिसलं, खाली भुसा, आणि माझ्या वहीवर एक भुंगेरा, मिशा अंगाच्या दीडपट लांब. आमच्याकडे चाळीस हजार कीटक आहेत, पण चालणारा हा पहिलाच, त्यामुळे धांदल उडाली. शिपाईकाका चप्पल घेऊन धावले. मी आडवी आले म्हणून तो वाचला. मग गण, कुल, प्रजाती असं करत दोन दिवसांत त्याची ओळख पटवली (लॅटिन नाव लिहीत नाही, तुम्हाला शिवी वाटेल). घोटाळा इथून सुरू झाला. ही जात फक्त पाइनच्या लाकडात वाढते, आणि तिच्या सगळ्या नोंदी इथून हजार किलोमीटरवरच्या थंड डोंगरांतल्या आहेत.

आमच्या सरांनी लाकूड कुठलं म्हणून विचारलं. मी तुमचेच शब्द सांगितले : परसातलं जुनं फणसाचं झाड, घरचं अस्सल लाकूड. सर खुर्चीतून उठलेच. भुंगेऱ्याने मुलूखही बदलला आणि खाणंही, असं त्यांनी ठरवलं, आणि नकाशात तुमच्या घरावर लाल ठिपका दिला. यावरच्या शोधनिबंधावर माझंही नाव येणार आहे. लग्नपत्रिका सोडल्या तर आपल्या घरात छापून आलेलं हे पहिलंच.

तुम्ही पॉलिश इतकं गडद दिलं आहे की लाकूड ओळखू येत नाही. पाय खरवडला तर कळेल, पटाशीही खणात आहे. पण मामांची वस्तू मामांना न विचारता खरवडणं मला जमेना.

तुमची,
भाची

ता. क. : टेबल तुमच्या कारखान्यात यंत्रं येतात त्या पाइनच्या खोक्यांच्या फळ्यांचं असेल, तर एका ओळीत तसं कळवा. माया कमी होणार नाही. नाव छापून आलं नाही तरी चालेल. खोटा ठिपका नकाशावर राहिलेला चालणार नाही. निबंध सोमवारी जातो.

आणखी एक : या भुंगेऱ्याची अळी लाकूड आतून पोखरत तीनेक वर्षं काढते. तुम्ही ताईला लग्नात दिलेला पलंग त्याच फळ्यांचा असेल, तर मला नंतर कळवा, आधी तिच्या सासरी जा.