पडवीची चौथी बाजू

४ नोव्हें., मंगळ.
रूपालीने तिचा जुना लॅपटॉप मला दिला. घराचा नकाशा काढायचं सॉफ्टवेअर त्यात घातलंय. म्हणाली, "आई, तुम्हाला घर कसं हवं ते तुम्हीच काढा. नाहीतर समीर आणि कॉन्ट्रॅक्टर मिळून काढतील." सून असं बोलते तेव्हा माझा मुलगा हमखास अंघोळीला गेलेला असतो.
समीरचा बेत असा: पुढची पडवी भिंत घालून बंद करायची, तिथे एसीची खोली, ती शनिवार-रविवारी राजोडीच्या समुद्रावर येणाऱ्यांना भाड्याने द्यायची. नाताळच्या आत. कॉन्ट्रॅक्टर रविवारी मापं घ्यायला येणार.
मला पडवी उघडीच हवी. सांगून झालंय. तो म्हणतो, "आता तिथे बसतं कोण?"

५ नोव्हें., बुध.
भिंती जमल्या. माऊस ओढला की भिंत उभी. गवंड्याला हे कळू देऊ नये.
मग प्रत्येक खोलीवर टिचकी मारून ती कसली खोली ते सांगायचं. 'रूम टाइप'. यादी उघडते: किचन, बाथ, गॅरेज. देवघर नाही. 'क्लोजेट' त्यातल्या त्यात लहान वाटलं म्हणून दिलं. शब्दकोशात पाहिलं तर कपड्यांचं कपाट. देव सध्या तिथेच आहेत.
माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं वाचनालयाच्या पुस्तकांनी शिकवलं. इंग्रजी अजून एकेक शब्द उचलून चालतं.

६ नोव्हें., गुरु.
पडवी काही केल्या होत नाही. तीन बाजू आहेत, पुढून उघडी. टिचकी मारते, काही उठत नाही. सॉफ्टवेअरच्या लेखी ते अंगण.
शेवटी पुढे भिंत काढली. लगेच खोली धरली. प्रकार विचारला, मी 'बेडरूम' दिलं.
दुसरं मनातच आलं नाही. हे शेवटचा उन्हाळा पडवीतच निजायचे. आत कोंडल्यासारखं होतं म्हणायचे. खाटेवरून केळी दिसायच्या, वाटेवरचा प्रत्येक माणूस दोन शब्द बोलून जायचा. हे गेले त्याला दोन पावसाळे झाले, खाट तिथेच आहे. दुपारी मी त्यावर वाचत बसते.
भिंत उद्या पुसायची.

७ नोव्हें., शुक्र.
पुसायची राहिली आणि घात झाला. समीर संध्याकाळी कामावरून आला, लॅपटॉप उघडाच. पडवीला चौथी भिंत, वर लिहिलेलं 'बेडरूम'.
"आई, तू पण हेच काढलंयस की. मग आठवडाभर नाही नाही काय करत होतीस?"
मी तोंड उघडायच्या आत कॉन्ट्रॅक्टरला फोन. "हो, आई तयार आहे."
हसत होता. हे गेल्यापासून त्याला असा हसताना पाहिला नव्हता. मी चहा टाकला, आणि बोलायचं राहून गेलं.

८ नोव्हें., शनि.
भिंत पुसली. पडवी पुन्हा नाहीशी. भिंत घालून यादीत दुसरं शोधलं. 'ओपन बिलो' दिसलं. ओपन म्हणजे उघडी, बरंच की. दिलं, तर जमीनच गेली. पडवीच्या जागी मोठा खड्डा.
तेवढ्यात अर्नाळ्याची हिराबाय आली. मासळीची पाटी नेहमीसारखी कठड्यावर उतरवली. तिची दारावरची फेरी इथे थांबते, मी सून म्हणून आले त्याच्याही आधीपासून.
"वयनी, पानी दे गो."
पाणी पिता पिता स्क्रीन पाहिला. "ही तुझी पडवी? मी बसायचे तिथं विहीर खनलीस? पडू म्हनतेस मी?"
समीरचा बेत सांगितला. तिने तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, "म्हंजे आता बेल दाबून पानी मागायचं."
बोंबील घेतले. तिने वर दोन जास्त टाकले. तेही बरं वाटलं नाही.

तीच दुपार.
मदतीचं पान वाचायला घेतलं. शब्दकोश मांडीवर. खोली सगळ्या बाजूंनी बंद असेल तरच खोली धरतात. जिथे भिंत नको तिथे न दिसणारी भिंत घालायची. नकाशात रेघ असते, घरात काही नसतं. वारा, माणूस, सगळं आरपार.
घातली. टिचकी मारली. पडवी उठली. प्रकार 'पोर्च' दिला. वर पत्रा, खाली फरशी, समोर केळीच्या बाजूला मोकळं.
बराच वेळ बघत बसले. चहा गार झाला.
केळी पिकवायच्या मागच्या खोलीत आता केळी नसतात. तिला 'बेडरूम' दिलं. पाहुण्यांना ती.

९ नोव्हें., रवि.
कॉन्ट्रॅक्टर आला. त्याच्यासमोरच समीरला नकाशा दाखवला.
"म्हणजे तू तयार नव्हतीस."
"नव्हते."
"मग परवा बोलली का नाहीस?"
"तू हसत होतास."
तो बागेत निघून गेला. कॉन्ट्रॅक्टर बिचारा टेप हातात घेऊन उभा. रूपालीने त्याला चहा दिला आणि म्हणाली, "दोन्हीकडची मापं घ्या, नक्की काय ते कळवतो." मागच्या खोलीला खिडकी पाडावी लागेल म्हणाला. होण्यासारखं आहे.

१२ नोव्हें., बुध.
समीर जेवतो, भाजी चांगली झाली म्हणतो, नकाशाचा विषय काढत नाही. मीही नाही. रूपाली म्हणते, "थांबा जरा, आई." थांबते. देवांना कपाटातून काढलं. त्या खोलीचा प्रकार कोरा ठेवता येतो, आज कळलं.

१६ नोव्हें., रवि.
सकाळी उठून पाहते तर समीर पडवीत, खाटेवर, लॅपटॉप घेऊन.
"बाबांची खाट नाही ठेवलीस यात?"
"फर्निचरमध्ये खाट नाही. सगळे गादीचे पलंग."
त्याने एक बाक शोधला, ओढून लांब केला, उंची कमी केली. "चालेल?"
"उशी भिंतीकडे कर. त्यांना केळी दिसायला हव्यात."
फिरवला. मग न दिसणाऱ्या भिंतीवरून नुसताच बाण इकडून तिकडे नेत राहिला. पुसली नाही. खरी भिंत नको, असंही म्हणाला नाही. मागच्या खोलीत खिडकी कुठे घालशील, एवढं विचारलं. मी बोट ठेवलं.
पाटी उतरल्याचा आवाज आला. "वयनी, पानी..." म्हणता म्हणता हिराबायला समीर दिसला, ती थबकली.
"बस," तो म्हणाला, आणि स्वतः उठून आत पाणी आणायला गेला.
त्याचा फोन खाटेवरच वाजत होता. कॉन्ट्रॅक्टरचा. आम्ही दोघी बघत राहिलो. तांब्या घेऊन बाहेर आला, आधी तिला पाणी दिलं, मग फोन उचलला. "उद्या सांगतो," म्हणाला.