क्राउससाहेबांच्या आईचे चीज

७ नोव्हेंबर १९६६, सोमवार. रबाळे.
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांना ही सवय असते.
कारखान्यात टायपिस्ट, तेही टेंपररी. पण फार दिवस नाही. क्राउससाहेब डिसेंबरात जर्मनीला परत जाणार. त्याआधी स्टोअरकीपरची पर्मनंट जागा तेच भरणार. उमेदवार दोन, मी आणि कमळाकर. कमळाकरचे इंग्रजी यथातथाच. म्हणजे उमेदवार एकच.
आज चहाला साहेबांनी त्यांच्या आईच्या पदार्थाची हकिकत सांगितली. कोखकेझ म्हणतात. चक्का उबेत ठेवून पिवळा, चिकट होऊ द्यायचा. मग सोडा, लोणी, शहाजिरे घालून मंद आचेवर वितळवायचा. पावाला लावून खातात. सांगताना साहेबांनी डोळे मिटले, तोंड वाकडे झाले. आईची आठवण. मी लगेच ओळखले.
वीस तारखेला साहेबांना जेवायला बोलावले. हो म्हणाले. जागा माझी.

९ नोव्हेंबर
दोन शेर म्हशीच्या दुधाचा चक्का बांधला. बायको जमुना म्हणते, श्रीखंड हाय का. म्हटले, ऑफिसचे काम, हात लावायचा नाही.
गाडगे चुलीमागे ठेवले. घरातले सुके बोंबील बाहेर काढायला लावले. मला तो वास लहानपणापासून सहन होत नाही. कोळ्याच्या घरात मी चुकून जन्मलो.

१२ नोव्हेंबर, सकाळी ७
झाकण उघडले. बाहेर जाऊन आलो.
वास परदेशी आहे. सवय लागते.
संध्याकाळी : जमुना म्हणते, कंच्या तरी कोपऱ्यान उंदीर मेलाय, आधी तो शोधा. तिच्याबरोबर तीन पेट्या हलवल्या. मग गुपचूप गाडग्याचे झाकण घट्ट बसवले.

१४ नोव्हेंबर
पिवळा झाला. कडेने बुळबुळीत. चमच्याला तार येते. पाहून शिसारी आली. शिसारी नव्हे, नवलाई.
संकल्प : रोज सकाळी दहा वेळा हुंगायचे.

१५ नोव्हेंबर
दोनदा हुंगले. पुन्हा आंघोळ केली.

१६ नोव्हेंबर
गाडगे पडवीत हलवले. केवळ हवा लागावी म्हणून. शेजारच्या यशोदाबाई नाकाला पदर लावून गेल्या. अडाणी लोक. किळस येते या गावाची.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार
घात. काल सासरे धर्मराज दिवाळे गावाहून आले. पडवीत सडके गाडगे दिसल्यावर ते धरूनच चालले की जावयाने चिंबोऱ्यांसाठी आमिष कुजत घातले आहे. निम्मे चिंध्यांत बांधून खाडीत जाळ्यांना लावले. मी ऑफिसात.
आज दोन टोपल्या चिंबोऱ्या. सासरे म्हणतात, धा वर्सांत असा आमिष पायला नाय, कशाचा हाय तो सांगा. मी तोंड फिरवले.
नंतर विचार केला. मुक्या चिंबोऱ्यांना जर एवढे आवडते, तर साहेबांचे काय होईल. बरे वाटले.

२१ नोव्हेंबर, सोमवार, सकाळी
काल उरलेले शिजवले. सोडा पडताच फसफसून वर आले. जमुनाने तिची चूल अंगणात मांडली.
साहेब जीपने आले. तांदळाच्या भाकरीबरोबर चिंबोऱ्यांचे कालवण खाल्ले. नांग्या चोखल्या. दोनदा मागून घेतले. मग मी वाटी पुढे केली. साहेब खुर्चीसकट मागे सरकले. म्हणाले, आई हे बळजबरीने भरवायची, मी घराबाहेर पळायचो, अजून हा वास सोसवत नाही. तुला त्या दिवशी चहाला सांगितले होते ते हेच.
मी डगमगलो नाही. म्हटले, वास कसला साहेब? काही येत नाही. सगळी वाटी भाकरीला लावून त्यांच्यासमोर संपवली. साहेबांनी तीनदा विचारले, खरेच येत नाही? तिन्ही वेळा नाही म्हणालो. त्यांनी खिशातून वही काढून काहीतरी लिहिले. माझे नाव, नक्कीच.
रात्री दोनदा ओकलो. चिंबोऱ्या बाधल्या.

२३ नोव्हेंबर, बुधवार
स्टोअर कमळाकरला.
साहेबांनी बसवून समजावले. स्टोअरमध्ये ॲसिडचे आणि गॅसचे ड्रम. गळती लागली की आधी नाकाला कळते. ज्याला तो रविवारचा वास येत नाही त्याच्याकडे किल्ली दिली, तर माणसे मरतील. बाकी मी सगळ्यात सरस होतो म्हणे.
सांगून टाकले, साहेब, वास पहिल्या दिवसापासून येतो. अन्न जात नव्हते, ओकलो, आत्ताही हाताला येतो. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, नोकरीसाठी खोटे बोलू नये, उद्या डॉक्टरांना दाखव.
डॉक्टरांची चिठ्ठी टाइप करायला माझ्याकडेच आली. टायपिस्ट गोवर्धन भोईर यांना वास येत नाही, तपासून कळवावे. रडू आले, तरी टाइप केली. तीन प्रती. एक कमळाकरच्या टेबलावर ठेवायची आहे.