वह्या वेगळ्या करू नयेत

मी, वर्लीन टब्स, वय वर्षे सत्तावन्न, काम इस्पितळाच्या धुलाईखान्यात इस्त्रीचे, राहणार डरहॅम, नॉर्थ कॅरोलायना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. बुद्धी ठिकाणावर आहे. कोणाचेही दडपण नाही, असे लिहायची रीत असते. ते मला लिहिता येत नाही. नऊ दिवस झाले, एक हिरवा ट्रक माझ्या दारासमोर उभा राहतो. आतला माणूस उतरत नाही. आमच्यातला काळा आहे की गोरा, काचेतून कळत नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते. अक्षर कापरे आले तरी ते माझेच समजावे.

कारण असे, की आमच्या मुकादमाने चादरींच्या खोलीत एका एकोणीस वर्षांच्या पोरीवर हात टाकला. मी ते आमच्या बायकांच्या मासिकात लिहिले. पोरीचे नाव घातले नाही. मुकादमाचे घातले, खाली माझे घातले.

एक. घर धाकटी बहीण इडेला हिला. पुढची काच दगडाने फुटली आहे, ती तिने बसवून घ्यावी. ती रोज रडते, "चूक झाली म्हणून दोन ओळी छाप ना गं! मला तुला पुरायचं नाहीये." इडेला, मलाही इतक्यात जायचे नाही.

दोन. टाइपरायटर मासिक चालवणाऱ्या लोरेना गॅस्किनला. त्याचे एक अक्षर अडकते, ते बोटाने उचलावे.

तीन. माझ्या सात वह्याही लोरेनाला. तिला फक्त अन्यायावर रागाने लिहिलेल्या चार छापायच्या आहेत. उरलेल्या तीन रोझेटाबद्दल आहेत. ती शेवटच्या श्वासापर्यंत, अठरा वर्षे, या घरात माझ्याबरोबर राहिली, आणि शेजारी तिला माझी भाडेकरू म्हणत. लोरेना, वह्या वेगळ्या करू नकोस. रोझेटाला काळी म्हणून बसमधून ढकलून उतरवले, त्या दिवशी मी पहिली रागाची वही उघडली. ती गुडघ्याला पट्टी बांधून भेंडी तळत होती आणि मी लिहीत होते. ती जिवाची नसती तर मी कशाला चिडले असते?

चार. आमच्या चर्चचे पदाधिकारी डीकन पर्व्हिस, मुकादमाचे मामा, यांना काही नाही. चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्यांदेखत म्हणाले, "आपल्याच पोराची अब्रू गोऱ्यांपुढे काढायला लाज नाही वाटली?" मी विचारले, "आणि ती पोर कोणाची?" माझ्या अंत्यविधीत त्यांनी बोलू नये. मागच्या बाकावर बसायला हरकत नाही.

साक्षीला दोघे हवेत. शेजारचे ब्रँच लगेच हो म्हणाले. धुलाईखान्यातल्या तिघींनी मान खाली घातली. आज दुपारी दार वाजले. मी तवा घेऊन दारामागे उभी राहिले.

"मिस वर्लीन, मी आहे. उघडा."

तीच पोर होती. मी तिला आत ओढले. "ट्रक दिसला नाही का तुला?"

"दिसला. नंबर लिहून आणलाय." तिने हे सगळे वाचले. मग म्हणाली, "लेखात माझं नाव का नाही घातलंत?"

"तुला भीती वाटेल म्हणून."

"ती तशीही वाटतेच. पेन द्या."

डरहॅम, १२ ऑक्टोबर १९७९
वर्लीन टब्स

साक्षीदार:
१. ओटिस ब्रँच, निवृत्त पोस्टमन
२. डेल्फीन मे रूक्स, धुलाईखाना. लेखातली मुलगी मीच.