पाचव्या गाण्यातली मोकळी जागा

३ मार्च २०२५, सोमवार

काल संध्याकाळी टाकला एकदाचा! 'विनाथांबा' — आठ गाणी, एकाला एक जोडून. वर नाव 'जोडरस्ता', म्हणजे मी आणि शिवांजली. आमचा पहिला अल्बम! हे वाक्य लिहायला मिळावं म्हणून दोन वर्षं तिच्या उमरग्याच्या खोलीत घाम गाळला. अक्षरशः गाळला — रेकॉर्डिंग चालू असलं की कूलर बंद ठेवावा लागायचा.

सकाळपासून मोबाईलची उघडझाप चाललीय. पहिली कमेंट — 'कडक भाऊ!' दुसरी — 'भावांनो, उमरगा-लोहाऱ्याचं नाव काढलं.' शिवांजलीला फोन केला, म्हटलं, आपण भाऊ झालो. ती म्हणाली, "होऊ दे गं. भाऊ समजून तरी नाचतील."

तिसरी कमेंट — 'पाचव्या गाण्यात आवाज जातोय. माझंच नेट गेलं का?'

नेट नाही गेलं रे. ती जागा आहे.

५ मार्च

लोक खरंच काय म्हणतात ते कमेंटमधून कळत नाही. समोर बसून बघायला पाहिजे. म्हणून लोहाऱ्याहून उमरग्याच्या दवाखान्यात कामाला जाताना आमच्या रोजच्या जीपवाल्या गोरोबांना पेनड्राइव्ह दिला. कुणाचा अल्बम ते सांगितलं नाही. मागच्या सीटवर दोन पोत्यांच्या मध्ये बसून सगळ्यांच्या मानांकडं बघत होते.

तिसऱ्या गाण्याला पुढच्या आजोबांचं बोट काठीवर वाजायला लागलं. चौथ्याला कॉलेजच्या पोरी कुजबुजल्या. पाचवं लागलं, चढलं, चढत गेलं — आणि आमची जागा आली. दहा-बारा सेकंद शांत. गोरोबांनी काय करावं? टेपला एक सणसणीत चापट! तेवढ्यात गाणं परत सुरू झालं. "बघा," म्हणाले, "पेनड्राइव्ह ढिला हाय, पर आपल्या हाताला गुण हाय."

येताना पुन्हा तेच. पुन्हा चापट, पुन्हा गुण. आता त्यांना सांगायचा मला धीरच होत नाही.

८ मार्च, शनिवार

ही जागा का ठेवली ते शिवांजलीलाही सांगितलेलं नाही. तिला एवढंच म्हटलं, की इथं दम घ्यायला पाहिजे. या वहीत लिहिते.

तीन वर्षांपूर्वीचा मे. आई सकाळी गेली. पुढच्या खोलीत तिला ठेवलं होतं, पाहुणे येत होते, मी तिच्या उशाशी. डोळे कोरडे. सगळ्यांना त्याचीच काळजी लागलेली — पोरगी रडत कशी नाही! दुपारी लांबून वरात यायला लागली. डीजेचा बेस असला, की मांडणीतल्या ताटल्या थरथरायला लागल्या. केशरआत्या चवताळून उठली, "लाज न्हाय का रं यांना!" पप्पा तिच्याआधीच मागच्या दारानं निघून गेले. त्यांना सहन झालं नसणार.

आणि आमच्या घरासमोर येऊन आवाज बंद झाला.

अख्खी वरात तशीच पुढं गेली. शिट्टी नाही, आरडाओरडा नाही. नुसत्या चपला. इतक्या माणसांच्या चपला फुफाट्यातून जाताना कशा वाजतात ते मी तेव्हाच ऐकलं. कोपऱ्यावर वळल्यावर गाणं परत सुरू झालं. मग मी रडले. खूप रडले.

इकडच्या डीजेवाल्यांचा नियमच आहे — दवाखाना, मशीद आणि दुखवट्याचं घर आलं की आवाज बंद. पण नियम माहीत असणं वेगळं आणि कुणीतरी आपल्या दारातल्या खुर्च्या बघून बटणाकडं हात नेणं वेगळं. कोण होता तो? कितीदा मनात येतं. कुणाची वरात होती तेही मला ठाऊक नाही. पाचव्या गाण्यातली शांतता म्हणजे त्या माणसाला केलेला नमस्कार आहे. तिच्या तळाशी अगदी बारीक चपला ठेवल्यात — शिवांजलीच्या गल्लीतल्या. कान देऊन ऐकलं तरच कळतात. अजून कुणाला कळल्या नाहीत.

आईला काय वाटलं असतं? माहीत नाही. ती गाणी लावून बसायची नाही कधी. भांडी घासताना शेजारी काही लागलं तर पाय तेवढा हलायचा.

११ मार्च

गौरीशंकरचा खून करायला हवा!

बसस्टँडसमोर त्याचं मोबाईलचं दुकान. लोक तिथून मेमरी कार्डात गाणी भरून नेतात. त्याला अल्बम दिला होता, म्हटलं वाट फुकट. आज दवाखान्यात एका पेशंटच्या मोबाईलवर आमचं पाचवं लागलं. जागा आली, आणि तिच्यात एक घोगरा आवाज — "गौरीशंकर मोबाईल! रिचार्ज, कव्हर, स्क्रीनगार्ड!"

जेवणाच्या सुट्टीत पळत गेले. तो शांत. "मॅडम, आधी वाटलं फाईल खराब हाय. मग बघितलं तर नुसती मोकळी जागा. प्लॉट मोकळा ठेवला की कुणी ना कुणी टपरी टाकतंयच."

"काढ ती टपरी!"

"काढतो. पर गिऱ्हाईक म्हणतंय, त्या गाण्यात तेवढंच भारी हाय."

शिवांजलीला सांगितलं तर ती पोट धरून हसली. मला राग आला. मग मीही हसले. मग परत राग आला.

१६ मार्च

शेजारच्या घरी हळद होती. अल्बम लावायला लावला. केशरआत्या नाचली! साठी उलटलीय, गुडघे कुरकुरतात, तरी नाचली. शांतता आली तशी तिनं पदर खोचला, अंबाडा नीट केला, एक घोट पाणी प्यायली, आणि गाणं सुरू होताच पुन्हा हात वर!

तिला विचारलं, "मध्ये बंद पडतं ते खटकलं का गं?"

"बंद कुठं पडलं? बायांसाठी ठिवलंय की ते! ज्यानं क्येलंय त्याच्या घरात बाई असंल."

"मीच केलंय आत्या."

"मंग बरोबर हाय."

आजपर्यंतचं सगळ्यात चांगलं मत. कारण चुकीचं असलं म्हणून काय झालं!

पप्पांनी मात्र अजून ऐकलेला नाही. मी विचारत नाही, ते बोलत नाहीत. सगळ्या जगाच्या तोंडाकडं बघत फिरते आणि घरातल्या माणसाला विचारायला भिते.

१८ मार्च, मंगळवार

महांतप्पांचा निरोप आला म्हणून संध्याकाळी दोघी गेलो. या पट्ट्यातली सगळ्यात मोठी साऊंडची गाडी त्यांची. मे अखेरपर्यंत एक तारीख मोकळी नाही. त्यांच्या गाडीवर वाजलं म्हणजे कळंबपासून उमरग्यापर्यंत वाजलं. नाही वाजलं, तर आमचं गाणं जीपमध्ये चापटी खात राहणार.

अल्बम त्यांनी पूर्ण ऐकला होता. एकेक गाणं बोटावर मोजत बोलले. दुसऱ्याचा बेस जड आहे, सहावं बायकांना आवडेल, आठवं लांबलंय. सगळं पटलं! माणसाला कान आहे. मग म्हणाले, "पाचवं सगळ्यात भारी. पर ते भोक बुजवा."

मी विचारलं, कशाला?

"अक्का, वरातीत आवाज गेला की समदं पब्लिक माझ्याकडं बघतंय. महांतप्पाची गाडी बंद पडली म्हणतंय. एकदा तोंड पोळलंय माझं. भोक बुजवा, पाडव्यानंतर पैल्या लग्नात लावतो."

शिवांजली लगेच, "बुजवतो की काका! आजच बुजवतो."

बाहेर आल्यावर तिच्याशी कडाक्याचं भांडण. रस्त्यातच. ती म्हणाली, "सगळ्यांना ते बिघाड वाटतंय चैते. सगळ्यांना! एकटी तूच शहाणी का?" मी म्हटलं, "अल्बम दोघींचा आहे." ती म्हणाली, "तेच म्हणतेय मी."

१९ मार्च

शिवांजलीचा फोन नाही. मीही केला नाही.

२३ मार्च, रविवार

पप्पांनी ऐकला! मला न सांगता. सकाळी ट्रॅक्टर घेऊन नांगरटीला गेले, तिकडंच टेपवर लावला. वावराच्या बांधापर्यंत ऐकू येत होता म्हणे. मला शेजारच्यांनी सांगितलं.

दुपारी आले. हातपाय धुतले. मी टॉवेल घेऊन उभी. तोंड पुसत म्हणाले, "चपला वाजतात व्हय गं त्यात?"

"ऐकू आल्या?"

"आल्या की."

एवढ्या माणसांत एकट्या त्यांना ऐकू आल्या, तेही ट्रॅक्टरच्या आवाजात! मला वाटलं, आता बोलतील. मी वाट बघत राहिले. ते ताटावर बसले, भाकरी मोडली आणि म्हणाले, "पर बंद कशाला क्येलं? चालू ठिवायचं की."

बस. पुढं वरणाकडं वळले.

मला इतका राग आला, की उठून मागच्या अंगणात गेले. परक्यांनी म्हणावं, ठीक आहे. पण यांनी? मागच्या दारानं गेले, तरी त्या दिवशी हे इथंच होते ना! का विसरले? तीन वर्षांत माणूस विसरतं का? विचारायचं होतं — पप्पा, ती वरात आठवत नाही का तुम्हाला? विचारलं नाही. आमच्या घरात तो दिवस कुणी काढत नाही, आणि मीच का काढावा?

चपला ऐकू आल्या आणि तरी कळलं नाही. याचं जास्त वाईट वाटतंय.

२४ मार्च

पप्पा आज पुन्हा ट्रॅक्टरवर तोच लावून गेले. आवडलाय की काय? मला काही कळेनासं झालंय त्यांचं.

२६ मार्च

शिवांजलीकडं गेले. लॅपटॉपवर पाचवं उघडून बसली होती. म्हणाली, "बुजवलेलं ऐकवते. मग भांड." ऐकवलं. चांगलंच वाटलं! तिनं त्या जागी हलगी भरली होती, अशी फाकडू, की माझाच पाय हलला. हे मी प्रामाणिकपणे लिहिते.

मग मी तिला सांगितलं. आई, खुर्च्या, वरात, चपला, सगळं. संपल्यावर ती उठली, कूलर बंद केला, हेडफोन घातले आणि पाचवं जुनं पहिल्यापासून ऐकलं. हेडफोन काढले तेव्हा नाक लाल.

"आधी का नाही सांगितलं गं गाढवे? मी तिथं हलगी बडवत बसले!"

"मला वाटलं, न सांगता कळायला पाहिजे."

"असं कळतं व्हय?"

आता तीच हट्टाला पेटलीय. एक सेकंद कमी होणार नाही म्हणते. महांतप्पांनी नाही लावलं तर नाही लावलं. तिला म्हटलं, निदान त्यांना कारण तरी सांगू. ते याच धंद्यातले आहेत. तो माणूस कोण होता तेही त्यांना माहीत असेल!

हे मला आधी कसं सुचलं नाही?

३० मार्च, रविवार

शिवांजलीच्या घरी पाडव्याच्या पोळ्या. तीन खाल्ल्या. झोप येतेय, पण झोप लागत नाही. उद्या महांतप्पा.

३१ मार्च

महांतप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लोहाऱ्यात, निंबाखालचं घर? राजपालरावचं? ती गाडी माझीच हुती."

मी हात जोडले. त्यांनी माझे हात धरून खाली केले.

"हात नका जोडू अक्का. म्या आवाज बंद न्हवता क्येला. जनरेटरचं डिझेल संपलं, नेमकं तुमच्या दारात. खुर्च्या बघितल्या अन् मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात तुमचे पप्पा मागनं कॅन घिऊन आले. ट्रॅक्टरचं डिझेल. सोता ओतलं. म्हणले, इथंच लावा, मोठ्यानं लावा. तिला लई आवडायचं, हे गाणं आल्यावर तिचा पाय ठरायचा न्हाय. पर माझा हातच गेला न्हाय बटनाकडं. कोपऱ्यावर गेल्यावर लावलं."

शिवांजली माझ्याकडं बघत होती.

घरी आले तर पप्पा निंबाखाली ट्रॅक्टरमध्ये डिझेल ओतत होते. त्याच कॅननं.

जागा बुजवायची. हलगी नको. त्या दिवशी वरातीत कुठलं गाणं चाललं होतं, ते पप्पांना विचारते.

आत्ताच.