गाण्याच्या आड न येणारा पंखा

आई,

तुझ्या त्या केशोरी गावच्या मुलीबद्दल मी तुझ्याजवळ कधीच काही बोलले नाही. बोलले असते तर हातातलं काम न थांबवता तू म्हणाली असतीस, एवढी मोठी झाली, आता लहान पोरीसारखं काय करते. तू गेलीस त्याला बरीच वर्षं झाली. दुकान आता गोंदियात बऱ्यापैकी चालतं, केस पांढरे व्हायला लागलेत, कॉम्प्युटर बिघडला की लोक माझंच नाव घेतात. तरी तिचा विषय निघाला की मी अजून उठून दुसऱ्या कामाला लागते. वयाने हे जाईल असं वाटलं होतं. गेलं नाही.

ती तुझ्या गावच्या मैत्रिणीची मुलगी, तुला मावशी म्हणायची. डी.एड.ला नंबर लागला म्हणून आपल्या फुलचूरच्या घरी राहायला आली. एक पेटी, एक चादर आणि भरपूर आवाज, एवढंच घेऊन आली होती. मी तेव्हा नुकतं हार्डवेअरचं काम करायला लागले होते. मुलीच्या हातात स्क्रूड्रायव्हर कशाला म्हणून मामा नाक मुरडत होता, तेव्हा तूच मला कोर्सला घातलंस आणि तूच मला स्क्रूड्रायव्हरचा सेट आणून दिलास. ते मी विसरलेले नाही. पण त्या दिवसाचंही विसरता येत नाही. तू स्वयंपाकघरात भात उतरवते आहेस, ती मोरीवर भांडी घासते आहे आणि घासता घासता गुणगुणते आहे. रोवणीचं गाणं, धानाचे परे, म्हणजे रोपं, लावताना बाया म्हणतात ते. तू हातातला झारा तसाच धरून मोरीच्या दारात जाऊन उभी राहिलीस आणि पुढची ओळ उचललीस. मी खोलीत कॉम्प्युटरचं एक कॅबिनेट उघडून बसले होते. इतकी वर्षं त्या घरात राहून मला माहीत नव्हतं की तुला ही गाणी येतात. विहारात तू गायचीस, जयंतीला गायचीस, ते सगळं मी ऐकलं होतं. हे कधीच नाही.

त्या संध्याकाळी मी तुला म्हटलं, मलाही शिकव. तू माझ्याकडे बघून सरळ सांगितलंस, "तुले नाई जमनार. हे गानं उभ्यानं म्हनता येत नाई. वाकून वाकून जो श्वास होते, तो पाहिजे. तू कधी वाकली नाई." खरं होतं. पण मला चिखलात पाय टाकू दिला नव्हता तो कोणी? दर पावसाळ्यात आजी बोलवायची आणि तू म्हणायचीस, माझी पोरगी शिकेल, रोवणीला येणार नाही. तुझ्या आईने जन्मभर दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत परे लावले, तू त्यातून निघालीस, शाळेत मास्तरीण झालीस, मला कोरड्या जमिनीवर वाढवलंस. आणि मग त्या चिखलातल्या गाण्यांसाठी तुला दुसरी मुलगी सापडली. हिशेब कुठेच चुकलेला नव्हता, म्हणून तर कोणाशी भांडताही येत नव्हतं.

मग तुझा आवाज फुटायला लागला. आधी आपण म्हटलं, वर्गात ओरडून ओरडून झालं असेल. मग नागपूरच्या डॉक्टरांनी स्वरयंत्रावर गाठ आहे म्हणून सांगितलं, आणि ऑपरेशननंतर बोलणं राहील की नाही याची खात्री नाही असंही सांगितलं. तू घरी येऊन चहा ठेवलास आणि मला विचारलंस की माझ्या मशीनवर गाणी भरता येतात का. मला वाटलं, तू तुझा आवाज भरून ठेवणार. मी लगेच माईक आणला, जोडला. तू तिला माईकसमोर बसवलंस. तुला गाता येत नव्हतं, आई, हे मला समजत होतं. तुझ्याजवळ फक्त ओळी आणि चाल उरली होती, आणि त्या ठेवायला तुला एक चांगला गळा हवा होता. तरी ती माईकसमोरची खुर्ची मी माझ्या मनात तुझ्यासाठी मांडली होती.

पहिलं गाणं भरून झालं आणि आपण ऐकलं, तर गाण्याच्या मागे सतत एक सूं असा आवाज. माझा तो पहिला कॉम्प्युटर मी स्वतः जोडलेला, मिळेल त्या सुट्या भागांचा. आत तीन पंखे: प्रोसेसरवर एक, वीजपुरवठ्याच्या डब्यात एक आणि मागच्या पत्र्याला एक. तिन्ही लहान, तिन्ही जीव खाऊन फिरणारे. बाबांना राइस मिलमध्ये काम करून आधीच कमी ऐकू यायचं, ते म्हणाले, कुठे काय आवाज आहे. मी तिला म्हटलं, जरा जोरात म्हण, म्हणजे तो आवाज झाकला जाईल. तर तू माझ्यावर चिडलीस. "तिले कायले सांगून राहिली? तुया मशीनले सांग." तिच्यासमोर. ती मान खाली घालून माईकच्या वायरशी खेळत बसली आणि मला तिची ती मान खाली घालणंही आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मागचा पंखा काढूनच टाकला. मे महिना होता. आवाज नको म्हणून कुलर बंद, छताचा पंखा बंद, खिडकी बंद. ती घामाने भिजून गात होती, तू शेजारी बसून हाताने ताल देत होतीस. गाणं इतकं रंगलं की बाबासुद्धा दारात येऊन उभे राहिले. आणि शेवटच्या कडव्यात मशीन तापून बंद पडली. सगळं गेलं. तू माझ्याकडे पाहिलंस. मुद्दाम केलं नव्हतं, आई, तसं असतं तर आज सांगितलं असतं. मशीन थंडही राहिली पाहिजे आणि गप्पही, हे मला तेव्हा नीट उमगलेलं नव्हतं. मात्र गाणं गेलं याचं मला जेवढं वाईट वाटायला हवं होतं तेवढं वाटलं नाही.

पुढच्या तपासणीला आपण दोघीच नागपूरला गेलो. तिची परीक्षा होती. दवाखान्यातून लवकर सुटलो तेव्हा मी म्हटलं, सीताबर्डीच्या बाजारात जाऊन पंखा बघू. तू थकली होतीस तरी आलीस. त्या दुकानाचा जिना अरुंद, वर एका काउंटरवर सगळे पंखे मांडलेले. मी दुकानदाराला सांगितलं की आवाज नको. तो हिंदीत म्हणाला की सगळेच बिना आवाजाचे आहेत, डब्यावर लिहिलंय बघा. मी त्याला एकेक लावून दाखवायला सांगितलं. तो एकेक पंखा तारेला जोडत होता, मी तो हातात धरून तुझ्या कानाजवळ नेत होते, आणि तू डोळे मिटून ऐकत होतीस. खालच्या रस्त्यावर हॉर्न वाजत होते, पण तुझ्या चेहऱ्यावरून वाटत होतं की तिथे दुसरा कसलाच आवाज नाही. एका लहान पंख्याला तू नाक मुरडलंस. "हा शिट्टी वाजवते." दुसऱ्याला म्हणालीस, "याच्या गळ्यात काहीतरी अडकलं आहे." मी तो बोटाने फिरवून पाहिला, तर आतलं बेअरिंग खरंच खरखरत होतं. मग त्याने हाताच्या पंजाएवढा मोठा एक पंखा काढला. मी तुला सांगितलं की मोठा असला की हळू फिरूनही तेवढीच हवा टाकतो. तू तो कानाशी धरलास. बराच वेळ धरलास. म्हणालीस, "याचाही आवाज आहे. पन सूर खाली आहे. गान्याच्या आड येनार नाई."

तेव्हापासून मी पंखा असाच निवडते. किती आवाज आहे एवढंच बघून चालत नाही, कुठला आवाज आहे तेही ऐकावं लागतं. हे मी कुठल्याच कोर्समध्ये शिकले नाही. त्या काउंटरवर उभं राहून मला वाटलं, हे आपलं दोघींचं आहे, यात ती नाही. गाडीत खिडकीजवळची जागा मिळाली. तुमसर गेलं, तिरोडा जवळ आलं. पंख्याचा डबा तू मांडीवर धरला होतास. मी तुझ्या खांद्याला टेकून बसले होते. आणि तू त्या फुटक्या आवाजात म्हणालीस, "आता तिले जोर लावा नाई लागन." मी सरळ होऊन बसले. गोंदिया येईपर्यंत मी बाहेर पाहत होते आणि तुला वाटलं की मी दमले.

कॅबिनेटला एवढ्या मोठ्या पंख्याची जागाच नव्हती. मी ते उचलून कुलर बनवणाऱ्याकडे नेलं. त्याने मागचा पत्रा गोल कापून दिला, आणि एवढ्याशा डब्याला कुलर का लावून राहिली म्हणून विचारलं. पंख्याची थरथर पत्र्यात उतरू नये म्हणून मी सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून स्क्रूखाली घातले. तारा अशा जोडल्या की त्याला वीज कमी मिळेल आणि तो आणखी सावकाश फिरेल. प्रोसेसरवरची धूळ ब्रशने काढली, उष्णता ओढून नेणारा नवा लेप लावला, वीजपुरवठ्याचा डबा बदलला. इतकं मन लावून मी आजवर गिऱ्हाइकाचंही काम केलेलं नाही. मशीन सुरू केली, तर चालू आहे की नाही हे बघायला हात मागे धरावा लागला. हाताला वारा लागला. तिने येऊन विचारलं, "ताई, बंद काऊन आहे?" मी म्हटलं, चालू आहे, गा.

तिने गायलं. तुझ्याजवळ होती नव्हती तेवढी सगळी गाणी त्या महिन्यात भरून झाली. मशीन एकदाही बंद पडली नाही. तिचा श्वाससुद्धा ऐकू येतो त्यात, परा रोवून एक पाऊल मागे सरकतानाचा. तो श्वास ऐकू यावा म्हणून मी एवढी खटपट केली, हे मला माझंच कधी कधी पटत नाही.

ऑपरेशननंतर तू पाटीवर लिहून बोलायला लागलीस. पौर्णिमेला विहारात तिने तुझी निळ्या काठाची पांढरी साडी नेसून दोन गाणी म्हटली. ती साडी तू तिला दिली होतीस हे मला तिथे गेल्यावर कळलं. गाणं झाल्यावर समोरच्या ओळीतली एक बाई तुझा हात धरून म्हणाली, "तुमची पोरगी अगदी तुमच्यासारखीच गाते जी." तुला बोलता येत नव्हतं, पाटी घरी राहिली होती. पण मान हलवता येत होती, आई. ती तू होकाराची हलवलीस, ते मी पाहिलं.

मग तू गेलीस. ती नोकरी लागून अर्जुनी गावाकडे गेली, लग्न झालं. वर्षातून एकदा घरी यायची, बाबांशी मोठ्याने बोलायची, तुझ्या फोटोसमोर बसायची. गेल्या आठवड्यात ती दुकानात आली. रिक्षातून तिच्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट उतरवून घेतलं. शाळेतल्या मुलींना ती तीच गाणी शिकवते, त्यांचं रेकॉर्डिंग करायचं आहे, आणि मशीन घरघर करते म्हणाली. मी तिच्यासमोरच उघडलं. आत धुळीचा थर, मागच्या पंख्याचं तेल वाळलेलं. आताचे पंखे चांगले येतात, मशीन तापेल तसे आपोआप कमीजास्त फिरतात. तरी मी चारपाच लावून ऐकले. ती बाकावर बसून पाहत होती. मग म्हणाली, "ताई, मावशीचा आवाज आहे का जी कुठं तुमच्यापाशी? माझ्यापाशी सारी गानी आहेत, पन त्यात माझाच आवाज आहे."

आहे. गाणं सुरू व्हायच्या आधी तू तिला ओळ सांगायचीस, कुठे थांबायचं ते सांगायचीस, चुकलं की टोकायचीस. त्या गाण्यांची सीडी करताना ते सगळं कापावं लागलं होतं, पण मी टाकून दिलं नव्हतं. एका फोल्डरमध्ये ठेवलं होतं आणि कोणालाही सांगितलं नव्हतं. गाणी तिची आणि ही कात्रणं माझी, अशी वाटणी मी मनाशी करून टाकली होती. तिला मी म्हटलं, पाहते. दोन दिवस पाहिलंच नाही. मग तिच्या मशीनला नवा पंखा बसवला, मशीन गप्प झाली, आणि ते तुकडे एकेक करून मशीनमध्ये टाकले. ते तुकडे त्या मुलीचेच आहेत, तू तिच्याशीच बोलते आहेस त्यात. काल ती येऊन घेऊन गेली. दुकानातच एक ऐकला आणि पदर तोंडाला लावून बसली. मी तिला पाणी दिलं.

हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून एवढं लिहून टाकते. सगळे दिले नाहीत मी. एक ठेवून घेतला. त्यात गाणं संपलंय, ती उठून पाणी प्यायला गेली आहे, आणि तू माझ्याकडे वळून म्हणते आहेस, "बंद कर आता. तुले भूक लागली असन."