माशामागची भोकं

मिलवॉकी,
३ मे १९६२

चि. अल्विन यास अनेक आशीर्वाद.

तुझं जाहिरातीचं पत्रक मिळालं. बाबांना जाऊन वर्ष झालं नाही, तोच आपल्या बारवर 'टोळीवाल्यांचा अड्डा' अशी पाटी चढली. टीव्हीवर ते टोपीवाले गुंड आल्यापासून लोकांना वेड लागलंय हे मीही बघते. पण फोटोतल्या भिंतीवर बंदुकीच्या गोळ्यांची भोकं कुठून उगवली?

दारूबंदीच्या काळात शिकागोचे टोळीवाले आपल्या तळ्यावर यायचे, हे बाबा सांगायचे. पण आपल्याकडे गोळीबार झाला असता, तर बाबांनी तो दर शुक्रवारी तळलेल्या माशाबरोबर गिऱ्हाइकांना वाढला असता. मी तर कधी ऐकला नाही. शिवाय एक भोक पार खाली, गुडघ्याच्या उंचीवर. इतका अडाणी नेम कुठल्या टोळीवाल्याचा? मला तर तुझं ड्रिल घसरल्यासारखं वाटतं. लहानपणी खोटं बोलताना तुझे कान लाल व्हायचे. त्या भिंतीशेजारी उभा राहून काढलेला फोटो रंगीत छापला असतास तर बरं झालं असतं, कान दिसले असते.

आईलाही विचारलंय. लोभ आहे तसाच आहे, संशय मात्र तू फेडायचा आहेस.

तुझी ताई,
व्हर्ना

पाइन पॉइंट,
११ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

कान लाल झाले, पण रागाने. ड्रिलला मी हातही लावलेला नाही. रंगकाम काढलं म्हणून भिंतीवरचा तो भुसा भरलेला मोठा मासा उतरवला, तर त्याच्यामागे भोकं. खालचं सापडलं जळणाच्या लाकडांच्या पेटीमागे. समोरच्या काठावरचा म्हातारा टेश म्हणतो, तू तान्ही असताना त्याने आवाज ऐकले होते, आणि शिकागोवाल्यांनी गोळ्या झाडल्या असं आईनेच त्याला सांगितलं होतं. आता बोल.

दोन हंगाम झाले, तळ्यावर माणसं येईनाशी झालीत. हे चाललं नाही तर बार विकावा लागेल. आता लोक दारातून शिरतात ते थेट भोकात बोट घालायला, नशीब उघडतं म्हणतात. सोळा जूनला या अड्ड्याचं रीतसर उद्घाटन आहे. त्या दिवशी आईने भिंतीपुढे उभं राहून सगळी हकीकत सांगायची, असं पत्रकात छापलंय. बाबांबद्दलही छापलंय, की जन्मभर दारू विकली पण थेंबाला शिवले नाहीत. आई मात्र उत्तरच देत नाही. तिचे कान तूच भरलेस ना?

मुलांना गोड पापा. रागावलो तरी मी तुझाच.

अल्विन

वॉसॉ,
२० मे

चि. व्हर्ना आणि चि. अल्विन यांना आईचे आशीर्वाद.

दोघांना मिळून एकच पत्र लिहिते, नाहीतर एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं सांगितलं म्हणाल. व्हर्ना, वाचून झालं की भावाकडे पाठव.

भोकं खरी आहेत. अल्विन खोटं बोलत नाही. खोटं मी बोलले होते.

त्या उन्हाळ्यात शिकागोवाल्यांपैकी एकाने माझ्या ॲपल पायची तारीफ केली आणि जाताना मला रेशमी रुमाल दिला. तुमच्या बाबांच्या डोक्यात किडा शिरला. त्या लोकांनी होडीघरात ठेवायला दिलेली दारू ते आठवडाभर पीत होते आणि रुमालाचं विचारत होते. शेवटी शिकारीची बंदूक काढली. वरच्या गोळ्या माझ्यासाठी होत्या. खालची कुणासाठी होती, हे त्यांनाही कळलं नसेल. तिथे पाळणा होता. व्हर्ना, त्यात तू होतीस.

सकाळी टेश होडी वल्हवत आला. मी म्हटलं, शिकागोवाले. त्या वर्षी तळ्याकाठी काहीही वाईट झालं तरी ते त्यांच्या नावावर खपायचं. टेशने मान हलवली, कॉफी प्यायली आणि गेला. मग मी मासा टांगला आणि तुमच्या बाबांनी पेटी सरकवली. त्यानंतर त्यांनी कधी थेंब घेतला नाही, म्हणून मी राहिले. त्यांना माफ केलं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

अल्विन, तू टोप्या घाल, नाटकं कर, माझी ना नाही. पण मला त्या भिंतीपुढे उभं करू नकोस. आणि लोकांना त्या खालच्या भोकात बोट घालू देऊ नकोस.

दोघं भांडू नका. प्रकृतीला जपा.

तुमची आई,
हुल्डा

पाइन पॉइंट,
२८ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

आईचं पत्र तू पाठवलंस, सोबत तुझी एक ओळही नव्हती. मलाही बाबांबद्दल काय लिहावं कळत नाही. रोज त्यांच्याच गल्ल्यावर बसतो आणि त्यांच्या फोटोकडे बघवत नाही.

पत्रकं शेगडीत घातली, जुनी पाटी परत चढवली. खालचं भोक आधी बुजवलं, मग पेटी सरकवली आणि मासा टांगला. आईला कळव.

काल भरल्या बारमध्ये टेशने विचारलं, भोकं कुठं गेली रे? मी म्हटलं, माझ्या ड्रिलची होती, ताईने पकडलं. तो म्हणाला, पण मी आवाज ऐकले होते. मी म्हटलं, काका, फटाके असतील. त्याने बराच वेळ माशाकडे पाहिलं, मान हलवली आणि कॉफी मागितली. आता तळ्याकाठी मी लबाड म्हणून ओळखला जातो. हंगामाचं काय व्हायचं ते होईल.

तू मात्र माझ्यावर विश्वास ठेवत जा, आणि एकदा येऊन जा.

तुझा,
अल्विन