धनंजयचा कॉम्प्रेसर सोडून

४ जानेवारी, रविवार

ठरलं! गाडी घरीच रंगवायची. सुरभीचा हट्ट — "बाबा, सासरी जाईन तं आपल्याच गाडीत. पन तो ओरखडा काढा." लग्न पुढच्या महिन्यात. पोरीनं आजवर काही मागितलं नाही, आणि मागितलं ते हे!

ओरखडा सहा वर्षांचा. डावीकडच्या दोन्ही दारांवर, आरपार. माझ्या धाकट्या भावानं, धनंजयनं, कारंजाच्या ढाब्यावर ट्रकला घासून आणला होता. चार पाहुण्यांदेखत मी म्हणालो, "तुले गाडी समजतच नाई." तो म्हणाला, "मंग तूच रंगव." तेव्हापासून बोलणं नाही. रंगही नाही.

तर रंगवतो मीच. फक्त रंग फवारायला हवेचा एक कॉम्प्रेसर घ्यायचा.

७ जानेवारी, बुधवार

मोबाईलवर व्हिडिओ पाहून पाहून डोळे चुरचुरतात. एक म्हणतो, चोवीस लिटरची टाकी भरपूर झाली. दुसरा म्हणतो, चोवीस लिटरमध्ये फुगे फुगवा. तिसरा म्हणतो तेलाचाच घ्या, चौथा तेलाचा घेणाऱ्याला वेड्यात काढतो.

शेजारच्या नत्थूजींना हे सगळं समजावून सांगत होतो. "काऊन डोकं खपवून राह्यला?" म्हणाले. "धनंजयपाशी हाय ना एवढा मोठा!"

आहे. कारंजाला हायवेवर त्याचं टायरचं दुकान आहे, तिथे आहे. हे मला माहीत नाही असं सगळ्यांना का वाटतं?

१० जानेवारी, शनिवार

वर्ध्याला जाऊन आलो. दुकानदारानं तीन दाखवले. मोठ्याला थ्री-फेज लागते, ती आमच्याकडे फक्त विहिरीवरच्या मोटरला. मधला अगदी मनात भरला. पैसे काढणार, तेवढ्यात दुकानदार म्हणाला, "असाच कारंजाच्या धनंजयभाऊनं नेला."

लहान घेतला!

१४ जानेवारी, संक्रांत

नलू मागे लागली, "आजच्या दिवशी तरी भावाले फोन लावा." म्हटलं, तो लहान आहे, त्यानं लावावा. "हो, तुमी मोठे," ती म्हणाली. "दिसूनच राह्यलं."

बायकोनं गोड बोलायचा सण असा साजरा केला.

१८ जानेवारी, रविवार

रंगवली.

वीस वर्षं पाठीवर पंप बांधून फवारणी केलेला माणूस मी. गाडी म्हणजे काय, कपाशीची एक लांब ओळ! या तोऱ्यात सुरुवात केली. दर दोन मिनिटांनी टाकी रिकामी. यंत्र धापा टाकतं, मी थांबतो, रंगाचे ओघळ खाली येतात. तरी रेटलं.

धूळ बसू नये म्हणून गाडी कोठ्यात घेतली होती, दार बंद करून. तिथेच आमचा कापूस पडलाय. भाव वाढेल म्हणून सगळ्या पवनार गावानं ठेवलाय, तसाच आम्हीही. हवेचा झोत, उडणारी रुई आणि ओला रंग! दार उघडून उजेडात पाहिलं तर लाल गाडीला पांढरी लव फुटलेली.

नलू मटकन खाली बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. सुरभीनं फोटो काढला. मी जेवलो नाही. लाज वाटली. पोरीनं एकच गोष्ट मागितली होती.

१९ जानेवारी, सोमवार

गाडीवरून हात फिरवून पाहिला. मऊ आहे.

२१ जानेवारी, बुधवार

एसटीनं कारंजाला गेलो. धनंजय ट्रकच्या टायरमध्ये हवा भरत होता. केस पिकलेत त्याचे. कधी पिकले? मी समोर उभा, आणि हा मान वर न करता विचारतो, "हवा भराची हाय?"

"रंग माराचा हाय."

"गाडीवरचा कापूस वेचून झाला का?"

म्हणजे फोटो इथवर पोचला होता! राग यायला हवा होता. हसू आलं, आणि हसता हसता रडूच आलं भर हायवेवर. त्यानं चहा सांगितला. ओरखड्याचं नाव दोघांनीही काढलं नाही.

२७ जानेवारी, मंगळवार

चार दिवस धनंजय इथेच आहे, त्याचा कॉम्प्रेसर घेऊन. मी कापूस हलवला, त्यानं गाडी घासली, पुट्टी भरली, रंग मारला. आता गाडीच्या दारात पाहून दाढी करावी अशी झालीय. लग्न झालं की कॉम्प्रेसर परत नेतो, म्हणाला. माझ्या लहानग्या कॉम्प्रेसरकडे पाहून काही बोलला नाही. उपकारच.

संध्याकाळी व्याह्यांचा फोन — नवरीसाठी त्यांची गाडी दिवाळीतच ठरलीय! सुरभीला सांगताना जीभ उचलेना.

"मले मालूम होतं," ती म्हणाली.

"मंग हे सारं काऊन?"

"गाडी कोनाले पाहिजे होती, बाबा? मांडवात काका पाहिजे होते."

५ फेब्रुवारी, गुरुवार

मांडवाच्या डहाळ्या आणायला दोघं भाऊ गेलो. गाडी मी चालवली. शेताच्या फाटकाला घासली. डावीकडची दोन्ही दारं, आरपार.

धनंजय उतरला. वाकून पाहिलं. ओरखड्यावरून बोट फिरवलं.

मग म्हणाला, "कॉम्प्रेसर इथंच राहू दे, दादा."